सीडीवरून सुरू होणारा संगणक

ऑपरेटिंग सिस्टीम सतत काही ना काही लिहीत असते. आपण माउसला हात लावला नाही तरी विंडोज रजिस्ट्रीत नोंदी करते, लॉग फायलींत भर घालते, मेमरी अपुरी पडली की तिच्यातला काही भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवते. हार्ड डिस्क आहे तोवर हे आपल्याला जाणवतही नाही. तीच सिस्टीम सीडीवर ठेवली की मात्र सगळं अडतं, कारण छापून आलेल्या सीडीवरून फक्त वाचता येतं.

तरीही 2001 साली आलेल्या विंडोज एक्सपी एम्बेडेडमध्ये सीडीवरून चालण्याची सोय होती. दुकानातली बिलिंग यंत्रं, माहिती देणारे किऑस्क, कारखान्यातली नियंत्रणयंत्रं अशा एकाच कामाला वाहिलेल्या उपकरणांसाठी ही आवृत्ती होती. तिच्यात एक्सपीचे दहा हजारांहून अधिक सुटे घटक केले होते. त्यांतले लागतील तेवढेच निवडायचे आणि आपल्या यंत्रापुरती इमेज बांधायची.

सीडीवरून सुरुवात कशी करायची, हे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बायोसला कळावं म्हणून फिनिक्स आणि आयबीएम यांनी 1995 मध्ये ‘एल टोरिटो’ हा नियम ठरवला होता. सीडीचा एक सेक्टर 2048 बाइटांचा असतो. शून्यापासून मोजत गेलं तर 17 क्रमांकाच्या सेक्टरवर बूट कॅटलॉगचा पत्ता असतो आणि त्या कॅटलॉगमध्ये बूट इमेजचा. बायोस ही इमेज फ्लॉपी किंवा हार्ड डिस्क असल्यासारखी पुढे करू शकतो, त्यामुळे वरच्या प्रोग्रामला फरक कळत नाही.

पण थेट सीडीवर इमेज टाकून भागत नाही. एक्सपी एम्बेडेड पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ‘फर्स्ट बूट एजंट’ हार्डवेअर ओळखतो, ड्रायव्हर बसवतो, रजिस्ट्री भरतो. हे सारं लिहिण्याचं काम, म्हणून ते आधी त्याच जातीच्या यंत्रावर, हार्ड डिस्कवर उरकून घ्यावं लागतं. मग त्या तयार डिस्कची आयएसओ फाइल करायची आणि ती सीडीवर उतरवायची. इथे एक खाच आहे. एकाच सीडीच्या प्रती वापरणाऱ्या सगळ्या यंत्रांचं नाव आणि ओळखक्रमांक सारखाच राहतो. ती एका नेटवर्कवर आणायची असतील, तर त्याचा विचार आधीच करावा लागतो.

या सगळ्यात मला सर्वांत देखणा वाटतो तो ‘एन्हान्स्ड राइट फिल्टर’. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून खुणा त्या कागदावर कराव्यात, तसं हा फिल्टर करतो. लिहिण्याची प्रत्येक विनंती तो मधेच अडवतो आणि मजकूर रॅममध्ये ठेवतो. पुन्हा वाचायची वेळ आली की बदललेला भाग रॅममधून येतो, बाकीचा सीडीवरून. विंडोजला वाटतं, आपण डिस्कवर लिहिलं. यंत्र बंद केलं की रॅममधलं सगळं पुसलं जातं आणि पुढच्या वेळी सिस्टीम कोरीच उभी राहते. सार्वजनिक ठिकाणी ठेवलेल्या यंत्राला याहून चांगलं संरक्षण क्वचितच मिळतं.

किंमत रॅमची. नोंदी साचत गेल्या तर रॅम भरते आणि यंत्र अडकतं, म्हणून लॉग कमी करायचे. पेजफाइल तर बंदच ठेवायची, नाही तर रॅम वाचवण्यासाठी काढलेला मजकूर पुन्हा रॅममध्येच जाऊन बसेल. सीडीचा वाचक मंद असतो, एका जागेवरून दुसरीकडे जायला हार्ड डिस्कच्या कितीतरी पट वेळ घेतो. म्हणून इमेज सुटसुटीत हवीच.

एक्सपी एम्बेडेडचा आधार 2016 मध्ये संपला, पण ही युक्ती टिकली. 2014 साली लिनक्सच्या कर्नलमध्ये याच धर्तीची ओव्हरलेएफएस ही फाइलप्रणाली आली, आणि आज रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या सेटिंगमध्ये तिचा पर्याय मिळतो. वीज अचानक गेली तरी एसडी कार्डावरची फाइलप्रणाली बिघडू नये, यासाठी तो फार उपयोगाचा आहे. एक गोष्ट मात्र सीडीच्या काळाइतकीच खरी आहे. व्हायरस रीस्टार्टने जातो, पण ज्या फटीतून तो आला ती फट मूळ इमेजमध्ये तशीच राहते. ती बुजवायची तर पायवर ओव्हरले बंद करून अपडेट करावं लागतं. सीडीच्या बाबतीत नवी सीडीच बनवून प्रत्येक यंत्रापाशी न्यावी लागे.