वस्तुमानाचा जमाखर्च

कामरूपी म्हणजे इच्छेला येईल ते रूप घेणारा. ही कल्पना आपल्याला नवी नाही. मारीच सुवर्णमृग झाला, सुरसेच्या मुखात शिरताना मारुती अंगठ्याएवढा झाला. या कथा ऐकताना ‘मारुतीचे बाकीचे वजन कोठे गेले?’ असे आपण आजीला कधी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. पुराणकथा श्रद्धेच्या नि रसाच्या बळावर चालते. विज्ञानकथेला मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण तिने आपण होऊन विज्ञानाचे नाव घेतलेले असते.

हा विचार माझ्या मनात आला तो ‘श्लॉक मर्सिनरी’ या चित्रकथेमुळे. हॉवर्ड टेलर या अमेरिकन चित्रकाराने १२ जून २००० पासून २४ जुलै २०२० पर्यंत, एकही दिवस न चुकवता, ती संगणकाच्या महाजालावर प्रसिद्ध केली. अवकाशात भटकणाऱ्या भाडोत्री सैनिकांची ही विनोदी कथा. तिचा नायक सार्जंट श्लॉक म्हणजे मळकट हिरव्या रंगाचा एक गोळा! त्याला हाडे नाहीत, मेंदू नाही. त्याचे डोळेसुद्धा त्याच्या ग्रहावरील झाडाला लागतात. त्याचे पूर्वज माहिती साठवणारी, स्वतःची दुरुस्ती स्वतःच करणारी यंत्रे होती; म्हणून त्याची स्मृती सर्वांगात पसरलेली आहे. गोळा दुभंगला तरी श्लॉक मरत नाही तो याच कारणाने.

श्लॉक हवा तो आकार घेतो. परंतु आकार बदलला म्हणून अंगातील द्रव्य कमीजास्त होत नाही. कणकेच्या गोळ्याची पोळी लाटा की पुरी, कणीक तेवढीच राहते. या चित्रकथेच्या चाहत्यांमध्ये रंगणाऱ्या वादाचे मर्म हेच आहे. समजा, सत्तर किलो वजनाचा मनुष्य चिमणी झाला. चिमणीचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम. उरलेल्या द्रव्याची ऊर्जा झाली म्हणावे, तर आइनस्टाइनच्या सूत्राप्रमाणे ती हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बसारख्या सुमारे एक लाख बॉम्बइतकी भरते. चिमणी भुर्रकन उडण्यापूर्वी गावच उडून जाईल!

गंमत अशी की, अवकाशयानाच्या गतीचा प्रश्नही याच जमाखर्चाचा आहे. पोकळीत रेटा द्यायला जमीन नाही, वल्हवायला पाणी नाही. पुढे जायचे तर आपल्याजवळचे काहीतरी मागे फेकावे लागते. रशियन शिक्षक त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली याचे गणित मांडले. बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगाइतका वेग यानाला हवा असेल, तर निघतानाचे वजन पोहोचतानाच्या वजनाच्या २.७ पट लागते. दुप्पट वेगाला ७.४ पट, तिप्पट वेगाला २० पट आणि दहापट वेगाला तब्बल २२,००० पट! हायड्रोजन व प्राणवायू जाळून मिळणारा वायुवेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे. १९७७ साली सुटलेले ‘व्हॉयेजर-१’ गुरू व शनी यांच्या ओढीचा लाभ घेऊन सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापायला पंचाहत्तर हजार वर्षे लागतील.

यावर शास्त्रज्ञांनीही कल्पना लढवल्या आहेत. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात ‘डिडॅलस’ नावाचा आराखडा तयार केला. अणुसंमीलनाच्या लहानलहान स्फोटांवर प्रकाशवेगाच्या सुमारे बारा टक्के वेग गाठायचा, असा तो बेत होता. पण त्यातही इंधनाचे वजन यानाच्या कितीतरी पट होते. १९९४ साली अल्कुबिएरे यांनी यान न ढकलता भोवतीचे अवकाशच आकुंचित-प्रसृत करण्याचे गणित मांडले. त्याला लागणारी ऋण ऊर्जा मिळवायची कशी, हा प्रश्न सुटलेला नाही.

टेलर यांनी हा पेच कथेत दोन प्रकारे सोडवला आहे. त्यांची याने द्रव्याचे संपूर्ण ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या भट्ट्यांवर चालतात. म्हणजे आपल्या चिमणीचे गणित तेथे कामाला जुंपलेले आहे. ताऱ्यांमधील प्रवास आधी अवकाशातील दरवाज्यांमधून होतो. या दरवाज्यांची मालकी एकाच जमातीकडे असते, आणि ती प्रवाशांच्या गुपचूप प्रती काढून त्यांच्याकडून माहिती उकळते. पुढे ‘टेरापोर्ट’ हा स्वतंत्र मार्ग सापडतो, तो सर्वांना खुला केला जातो आणि युद्धाचा भडका उडतो.

विज्ञानाचा हिशेब येथे आपल्या कला शाखेच्या अंगणात येतो असे मला वाटते. वाट ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे इतिहासाच्या तासाला आपण शिकलोच आहोत. लेखकाने एक अशक्य गोष्ट मागून घ्यावी. तेवढी उधारी वाचक आनंदाने देतो. पण पुढचा जमाखर्च चोख हवा. वाटेल तेव्हा वाटेल ते घडू लागले, तर संकटाला धार राहत नाही आणि पात्राच्या धैर्याला किंमत उरत नाही. श्लॉकला एवढ्याच द्रव्यात भागवावे लागते, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो. मित्रहो, पुढची विज्ञानकथा हाती घ्याल तेव्हा तिला एवढे अवश्य विचारा : हे आले कोठून आणि गेले कोठे?