उपनगरी गॅलरीतील वामनवृक्ष

अंधेरी-घाटकोपरकडील जुन्या इमारतींच्या भेगांतून, पक्ष्यांनी टाकलेल्या बीजापासून जो वड, पिंपळ किंवा उंबर उगवतो, आणि ज्याच्या उच्चाटनाचा ठराव सोसायटीची कमिटी दरसाल बिनतक्रार मंजूर करते, तोच बोन्सायच्या छंदास सर्वांत योग्य होय. कारण मूठभर मातीत तगण्याची तालीम त्याने भिंतीतच घेतलेली असते. जपानी पाइनला हिवाळ्यातील थंडीची विश्रांती लागते, ती बोरिवलीत मिळणे नाही. सबब त्याचा हव्यास आमच्या मते व्यर्थच. उलट, वडाच्या पारंब्यांना येथील दमट हवा मानवते.

कुंडी उथळ, परंतु तळाशी मोठी भोके असलेली घ्यावी, आणि जुलैच्या संततधारेत मुळे कुजू नयेत म्हणून मातीत विटांचे बारीक तुकडे व भरड वाळू यांची सढळ तजवीज करावी. मुळांची छाटणी व कुंडीबदल मृगाच्या आगेमागे उरकावा. फांदीस वळण देण्यासाठी गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार मात्र पावसाळ्यात दर आठवड्यास तपासणे जरूर आहे, कारण या मोसमात फांदी झपाट्याने जाड होते आणि सालीत रुतलेल्या तारेचा व्रण वर्षानुवर्षे बुजत नाही. पश्चिमेकडील गॅलरीत एप्रिल-मे महिन्यांत पाणी दोन्ही वेळा द्यावे.