आमची ‘ट्रान्स्फर केस’

गेल्या आषाढात मामांच्या गावाहून मी घरी फोन केला आणि एवढेच म्हणालो, “ट्रान्स्फर केस अडकली आहे.” पलीकडे क्षणभर शांतता. मग सौभाग्यवतींचा कापरा आवाज आला, “अहो, आता कुठे टाकलं तुम्हाला?”

सरकारी महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्याच्या घरात या दोन शब्दांना दुसरा अर्थ नसतो. पण ही केस माझी नव्हती. मामांच्या जुन्या जीपची होती.

वाचकहो, जीपच्या पोटात गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी पेटी असते. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणे हे तिचे काम. तिच्या दोन दांड्या ड्रायव्हरच्या हाताशी असतात. एक पुढची चाके जोडते. दुसरी वेग दोन-अडीच पट घटवून ओढ तेवढीच वाढवते. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही अशीच पेटी होती.

मामांची वाडी भोरच्या पुढे, फाट्यापासून तीन किलोमीटर चिखलाच्या चढावर. पावसाळ्यात बाळंतीण असो की दुधाचे कॅन, सारे याच जीपमधून उतरते. मी खते आणायला ती भोरला नेली आणि परतताना फाट्यावर तिने मान टाकली. वळणावर चाके चरचरत होती. चारी चाके जोडणारी दांडी जागची हलेना. शहरातल्या गॅरेजचा माणूस येऊन म्हणाला, “पेटीच बदला.” त्याने सांगितलेला आकडा जीपच्या किमतीहून मोठा होता.

मामा रात्री जेवलेच नाहीत. एवढेच म्हणाले, “भंगारवाल्याला सोमवारी ये म्हणून सांगितलंय.”

रविवारी सकाळी मी शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांनी पाना बाहेर काढलाच नाही.

“मास्तर, भोरपर्यंत डांबरावर चारी चाकं जोडूनच गेलात?”

“हो. तेवढीच पकड चांगली, म्हटलं.”

“तिथंच चुकलं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. चिखलात चाक घसरून हिशेब भागवतं. डांबर घसरू देत नाही. मग आतले दांडे पिळलेल्या धुण्यासारखे ताणतात आणि दांडी सुटत नाही.”

मग त्यांनी टायर पाहिले. “मागचे नवे, पुढचे गुळगुळीत. ही काटकसर कुणाची?”

ती माझीच होती. पाडव्याला दोनच टायर घेऊन मी मामांचे पैसे वाचवले होते! नव्या टायरचा घेर मोठा, झिजलेल्याचा लहान. म्हणून सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडत होती.

मिस्त्री जीपमध्ये बसले. चाके सरळ ठेवून दहा-बारा फूट हळूच मागे आले, क्लच दाबला आणि दांडी ओढली. खट्‌! सुटली. खर्च शून्य.

मग त्यांनी बाकीची तपासणी केली. चढावर जोराची दांडी आपोआप निसटत होती. “आधी दांडी धरून ठेवणारी स्प्रिंग आणि गोळी बघायची. ती स्वस्त. तरीही निसटली, तरच पेटी उघडून बेअरिंग आणि शाफ्ट बघायचे.” इथे स्प्रिंगनेच भागले. शेवटी ऑइल पाहिले. गिअरबॉक्समध्ये कमी, पेटीत मात्र काठोकाठ. “मधलं सील गेलंय. बाहेर गळत नाही म्हणून आत सगळं ठीक असतं असं नाही. ऑइल दोन्हीकडचं बघायचं.” ते सील त्यांनी पुढच्या आठवड्यात बदलले.

सोमवारी भंगारवाला आला. मामांनी त्याला चहा पाजला आणि पुढचे दोन गुळगुळीत टायर दिले. त्या जागी नवे टायर माझ्या पगारातून आले, हे सांगायला नकोच.

श्रावणात एका मुसळधार रात्री वाडीतली एक लेक याच जीपमधून वेळेवर दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. फाट्यावर डांबर लागताच दांडी सोडायला मामा विसरले नव्हते.