खंडेराव गेटच्या आतलं मराठी गाव

झाशीच्या परकोटाच्या जुन्या दरवाजांत दतिया, ओरछा, भांडेर ही शेजारच्या गावांची नावं आहेत. त्यांतच एक खंडेराव गेट. बुंदेलखंडात हे नाव भेटलं की मराठी माणूस थबकतोच.

बुंदेला राजा छत्रसालांकडून पेशवे बाजीरावांना मिळालेल्या मुलखात 1742 साली नारोशंकर सुभेदार म्हणून आले. त्यांनी किल्ला वाढवला, शहर वसवलं. पुढे कोकणातल्या नेवाळकरांकडे सुभेदारी गेली आणि कारकून, भिक्षुक, शिलेदार यांची घरं इथे रुजली. गणेश मंदिर, महालक्ष्मीचं देऊळ ही या वस्तीची हक्काची ठिकाणं. 1842 मध्ये झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर आणि राणी लक्ष्मीबाईंचं लग्न याच गणेश मंदिरात लागलं.

ही वस्ती कशी जगत होती हे वाचायचं तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' हाती घ्यावं. दक्षिणा मिळवायला निघालेले भटजी 1857 च्या बंडाच्या धामधुमीत झाशीत अडकले. एप्रिल 1858 मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली, तेव्हाची लूट, कत्तल, जाळपोळ त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. राणीचं ग्रंथालयही त्यात गेलं. पुस्तक 1907 मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं. मराठीत इतकं उघड्या डोळ्यांनी लिहिलेलं दुसरं प्रवासवर्णन मला तरी ठाऊक नाही.

लक्ष्मीबाईंचे दत्तक पुत्र दामोदरराव पुढे इंदूरला स्थायिक झाले. त्यांचे वंशज 'झाँसीवाले' हे आडनाव लावतात. झाशीतल्या गणेश मंदिरात मात्र गणेशोत्सव आजही होतो.