हस्तधारित मायक्रोफोनमधील नियंत्रणे : द्विमार्गी रेडिओच्या रचनेचा विचार

प्रस्तावना
अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील बेयोन शहराच्या पोलिसांनी १९३३ मध्ये वाहनांत द्विमार्गी रेडिओ वापरण्यास प्रारंभ केला. पुढे अवजड संच गाडीच्या डिकीत आणि नियंत्रणपट्टी चालकासमोर, अशी विभागणी रूढ झाली. वाहिनी बदलणे, आवाज कमी-अधिक करणे यांची बटणे थेट हातातील मायक्रोफोनवर आणणे ही तिचीच पुढील पायरी होय. अमेरिकेच्या ४० वाहिन्यांच्या सिटिझन्स बँडवरील काही संचांत वाहिनी दर्शविणारा पडदाही मायक्रोफोनवरच असतो. त्यामुळे संच आसनाखाली ठेवता येतो. तथापि, सर्व बटणांना समान लेखणे योग्य ठरेल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विद्युत रचना
प्रत्येक बटणासाठी स्वतंत्र तार दिल्यास मायक्रोफोनची केबल जाड व ठिसूळ होते. म्हणून निरनिराळ्या रोधांची बटणे एकाच तारेवर जोडतात व त्या तारेवरील विभव मोजून बटण ओळखतात. उदाहरणार्थ, तार १० किलोओहम रोधातून ५ व्होल्टला जोडली असता १० किलोओहमचे बटण २.५ व्होल्ट, तर २.२ किलोओहमचे बटण सुमारे ०.९ व्होल्ट दर्शविते. दोन्ही एकदम दाबली गेल्यास विभव सुमारे ०.७६ व्होल्ट होतो आणि तो तिसऱ्याच बटणाचा समजला जाण्याचा संभव असतो.

वाहिनी चुकल्यास ती पुन्हा निवडता येते. बोलण्याच्या बटणाचे तसे नाही. असा रेडिओ प्रक्षेपण करीत असताना ऐकू शकत नाही. हे बटण अडकून राहिल्यास परिसरातील त्या वाहिनीवरील इतरांचेही संभाषण खुंटते. सबब त्याला स्वतंत्र तार द्यावी आणि ठराविक अवधीनंतर प्रक्षेपण आपोआप थांबविणारी योजना मुख्य संचात ठेवावी.

वापरणाऱ्याची दृष्टी
ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर कापते. चालकाने तेवढा वेळ हातातील पडद्याकडे पाहिले, तर नियंत्रणे जवळ आणूनही धोका वाढतोच. म्हणून बटणांचे आकार व उंचसखलपणा स्पर्शानेच ओळखू येईल असा असावा. क्वचित लागणाऱ्या जुळण्या मायक्रोफोनवर आणू नयेत.

निष्कर्ष
मायक्रोफोनवर किती बटणे मावतात यापेक्षा कोणत्या बटणाच्या चुकीचा परिणाम कोणावर होतो, हा रचनेचा निकष असला पाहिजे. ज्या चुकीची झळ इतरांना पोहोचते, त्या बटणाची तार स्वतंत्र असणे हेच इष्ट होय.