१९१०च्या रिंगणात मुहम्मद अली

कुस्तीच्या गावांत एक वाद कधीच मिटत नाही. गामा आज असता तर? किंवा उलट, आजचा एखादा हिंदकेसरी गामाच्या काळात असता तर? वाद पेटला की दोन्ही बाजू मापे काढू लागतात. छाती किती, जोर-बैठका किती, दूध-बदाम किती. मुष्टियुद्धाच्या जगातही याच जातीचा वाद गेली साठेक वर्षे चालू आहे आणि त्यात एक नाव हमखास येते, मुहम्मद अली. अली जॅक जॉन्सनच्या काळात, म्हणजे १९०८ ते १९१५ या वर्षांत, खेळला असता तर त्याचे काय झाले असते?

मी कधी हातात ग्लोव्हज चढवलेले नाहीत. पण पंचवीसएक वर्षे जुन्या लढतींच्या चित्रफिती, वर्तमानपत्री वृत्तांत, नियमावल्या असे जे मिळेल ते गोळा करून वाचत आलो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की या प्रश्नात मापांना सगळ्यात कमी किंमत आहे.

या वादाचे उत्तर यंत्राकडून काढून घेण्याचा एक प्रयत्न झाला होता. १९६७ साली मरे वोरोनर या अमेरिकन निर्मात्याने जगज्जेत्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची एक काल्पनिक स्पर्धा रेडिओवरून सादर केली. एनसीआर-३१५ नावाच्या संगणकाला प्रत्येक खेळाडूची माहिती पुरवायची आणि संगणकाने लढतीचा निकाल द्यायचा. माहितीत आकडे होते, तशीच मुष्टियुद्धावर लिहिणाऱ्या पत्रकारांची मतेही होती. संगणकाने अलीला उपांत्यपूर्व फेरीत हरवले, तेही जिम जेफ्रीजकडून. संतापलेल्या अलीने दहा लाख डॉलरचा दावा लावला. अखेर तडजोड झाली. त्यातून अली आणि रॉकी मार्सियानो यांची लुटुपुटीची लढत चित्रित झाली. एक-एक मिनिटाच्या सत्तरएक फेऱ्या, वेगवेगळे शेवट, आणि खरा शेवट कोणता हे दोघांनाही ठाऊक नाही. चित्रीकरणानंतर थोड्याच आठवड्यांत, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकन चित्रगृहांत मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला लोळवताना दिसला. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत मात्र अली जिंकला! हा संगणक अलाबामात बनलेला असणार, ही अलीची थट्टा प्रसिद्ध आहे. ती नुसती थट्टा नव्हती. ज्या जेफ्रीजकडून यंत्राने त्याला हरवले, त्या जेफ्रीजने जगज्जेता असताना एकाही काळ्या खेळाडूला किताबासाठी लढू दिले नव्हते. संगणकाला हे कोणी सांगितले नव्हते.

मापांचे आधी उरकून घेऊ. अली सहा फूट तीन इंच, ऐन भरात २१० पौंडांच्या आसपास. जॉन्सन दोनेक इंचांनी बुटका, १९१०च्या रीनोच्या लढतीत २०८ पौंड. जेफ्रीज त्या दिवशी २२७. जेस विलर्ड साडेसहा फुटांचा. म्हणजे अली त्या काळात राक्षस ठरला नसता, लहानही नाही. आजच्या दोनशे साठ पौंडी पहिलवानांची तुलना त्या काळाशी करताना जी अडचण येते, ती इथे नाही.

दुसरा गैरसमज चित्रफितींचा. जॉन्सनच्या लढती आज पडद्यावर पाहिल्या तर माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी झटके देत हलताना दिसतात आणि पाहणारा म्हणतो, याला अलीने तीन मिनिटांत निजवला असता. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे टिपली जात. तीच फीत पुढे सेकंदाला चोवीस चित्रांच्या यंत्रावर चालवली की दीडपट वेग येतो आणि सगळी लय बिघडते. मी जॉन्सन-केचेल आणि जॉन्सन-जेफ्रीज या दोन्ही लढती संगणकावर वेग उतरवून पुन्हापुन्हा पाहिल्या आहेत. त्यात दिसतो तो विलक्षण सावध, आळसावल्यासारखा भासणारा बचावपटू. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा निघतानाच तो उघड्या तळव्याने अडवायचा, दंडाला धरून ठेवायचा आणि मोकळ्या हाताने खालून अपरकट घालायचा. ऑक्टोबर १९०९मध्ये केचेलने त्याला बाराव्या फेरीत खाली पाडले, तेव्हा तो उठला आणि पुढच्याच क्षणी केचेल बेशुद्ध होऊन पडला. गंमत म्हणजे हनुवटी मागे घेऊन ठोसा चुकवायचा, हात खाली ठेवायचे, बोलून चिडवायचे, या ज्या गोष्टी आपण अलीच्या समजतो, त्यांतल्या बऱ्याच जॉन्सनकडे होत्या.

आता नियम. माझ्या मते खरा खेळ इथे आहे.

त्या काळी ग्लोव्हज चार ते सहा औंसांचे असत. अलीच्या काळात अमेरिकेत हेवीवेटसाठी सहसा आठ औंसांचे. दोन-तीन औंसांनी काय होते, असे वाटेल. पण पातळ ग्लोव्हजमध्ये मार खाणाऱ्याच्या चेहऱ्याइतकाच मारणाऱ्याचा हात धोक्यात असतो. कवटीचे हाड हाताच्या हाडांपेक्षा कितीतरी दणकट. म्हणून जुने लोक कमी ठोसे मारीत, वेळ घेत, पोटावर आणि बरगड्यांवर मारीत. अलीचे नेमके उलटे होते. तो जवळजवळ सगळे ठोसे डोक्यावर मारायचा, संख्येने खूप मारायचा, आणि त्याचे हात पुढे-पुढे सतत दुखायचे. वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो रिंगणात उतरत असे. पाच औंसांच्या ग्लोव्हजमध्ये, तीस फेऱ्या, तेच डोक्यावर पडणारे जॅब? विसाव्या फेरीच्या आसपास त्याचा डावा हात निकामी झाला असता, असे मला वाटते. त्याच जॅबने समोरच्याचा चेहरा फाटला असता हेही खरे. हेन्री कूपरला १९६६ साली त्याने जखमेवरच हरवले होते. पण १९१०चा पंच रक्त पाहून लढत थांबवणाऱ्यांपैकी नव्हता.

पडलेल्या खेळाडूचेही तसेच. पाडणाऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जावे आणि मगच मोजणी सुरू व्हावी, हा नियम पक्का झाला १९२०च्या दशकात. त्याआधी पाडणारा डोक्यावर उभा राहायचा आणि उठताक्षणी पुन्हा हाणायचा. १९१९ साली डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, ते असेच. अली सहसा पडत नसे आणि पडला तर लगेच उठे. ८ मार्च १९७१ रोजी पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने तो उताणा पडला आणि मोजणी चारपर्यंत जाण्याआधी उभा होता. जुन्या नियमांत हा गुणच त्याच्या मुळावर आला असता, कारण फ्रेझर तिथेच, हातभर अंतरावर वाट पाहत असता.

काही गोष्टी त्याच्या बाजूनेही होत्या. क्वीन्सबेरी नियमांतले चोवीस फुटी रिंगण पायांवर खेळणाऱ्याला हवेच असते. मिठी मारून, मानेमागे हात घालून समोरच्याला थकवणे त्याला उत्तम येत होते आणि त्या काळात अर्धी लढत मिठीतच चाले. आणि उन्हातान्हात तग धरण्याचे म्हणाल, तर मनिलाची १९७५ची लढत सकाळच्या उकाड्यात चौदा फेऱ्या चालली होती. इथे माझे मत बहुतेक अलीभक्तांहून वेगळे आहे. ते १९१० सालात पाठवतात ते क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत उडवणाऱ्या, नोव्हेंबर १९६६च्या फुलपाखराला. मी पाठवीन किन्शासाच्या १९७४च्या अलीला. पाय मंदावलेला, दोराला टेकून मार सोसणारा, फोरमनला आठव्या फेरीपर्यंत दमवणारा, श्वास जपून खर्चणारा. हा माणूस जॉन्सनच्या काळातला वाटतो. वीस फेऱ्यांची लढत असेल तर कोणताही अली जॉन्सनपेक्षा सरस ठरेल. जेफ्रीज-जॉन्सनसारखी पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली असेल, तर मी १९६६च्या अलीवर पैसे लावणार नाही.

पण हे सगळे लढत झाली तर! आणि ती झालीच नसती.

आधी रिंगणापर्यंत पोचायचे कसे ते पाहा. लुइव्हिलच्या बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची सायकल १९५४ साली चोरीला गेली, जो मार्टिन या गोऱ्या पोलिसाने त्याला व्यायामशाळेत घेतले, १९६०ला रोममध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळाले आणि मग गावातल्या गोऱ्या धनिकांच्या गटाने त्याचा खर्च उचलला. यातली एकही पायरी १९१०च्या केंटकीत नव्हती. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर मुष्टियुद्धच नव्हते, कारण स्वीडनच्या कायद्याने त्यावर बंदी होती. काळ्या पोराला जो दरवाजा उघडा होता त्याचे नाव ‘बॅटल रॉयल’. पाच-सात पोरांना, पुष्कळदा डोळे बांधून, एकत्र रिंगणात सोडायचे, शेवटी उभा राहील त्याला प्रेक्षकांनी चिल्लर फेकायची. जॉन्सनची सुरुवात अशाच झुंजींतून झाली.

पुढे किताब. जॉन्सनला टॉमी बर्न्सच्या मागे जगभर फिरावे लागले, तेव्हा २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत मिळाली. बर्न्सला तीस हजार डॉलर, जॉन्सनला पाच हजार. चौदाव्या फेरीत पोलिसांनी ती थांबवली. ४ जुलै १९१० रोजी रीनोत त्याने निवृत्तीतून ओढून आणलेल्या जेफ्रीजला पंधराव्या फेरीत संपवले, तेव्हा अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली होऊन माणसे मेली. या लढतीनंतर दोनच महिन्यांनी, १० सप्टेंबरला, लंडनमध्ये गामा झिबिस्कोशी बरोबरीत सुटला. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही. त्या वर्षी लोक कोणाकोणाला टाळत होते, याची यादी मोठी होईल.

आणि जॉन्सन? एकदा किताब हाती आल्यावर त्यानेही काळ्या आव्हानवीरांना दूर ठेवले. सॅम लँगफर्डला त्याने १९०६ साली पंधरा फेऱ्यांत हरवले होते. जगज्जेता झाल्यावर त्याच लँगफर्डला त्याने पुन्हा समोर येऊ दिले नाही. किताब राखताना एकाच काळ्या खेळाडूशी तो लढला, पॅरिसमध्ये, डिसेंबर १९१३मध्ये, बॅटलिंग जिम जॉन्सनशी, आणि ती बरोबरीत सुटली. दोन काळ्यांच्या लढतीला तिकिटे खपत नाहीत, हा हिशेब त्यामागे होता. मग लुइव्हिलच्या या लांब हातांच्या, बडबड्या पोराशी तो का लढला असता? त्याचा धोका लँगफर्डपेक्षा मोठा आणि पैसा तेवढाच. संगणकाने काढलेल्या निकालांपेक्षा मला हा निकाल जास्त खात्रीचा वाटतो.

गुणांवर किताब मिळवण्याची वाटही बंद होती. न्यूयॉर्कमध्ये १९११च्या फ्रॉली कायद्याने दहा फेऱ्यांच्या लढती होत, पण शेवटी निकाल द्यायला मनाई होती. फिलाडेल्फियात सहा फेऱ्यांचा तसाच प्रकार. कोण जिंकले ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे आपापल्या मताने छापत. समोरच्याला झोपवले नाही तर किताब बदलत नसे. ज्याची निम्मी कला न लागता लावण्यात होती, त्याला असल्या राज्यात काय मिळणार?

रिंगणाबाहेरचेही सांगितले पाहिजे. जॉन्सनला १९१३ साली मान कायद्याखाली दोषी ठरवले गेले. त्याचे खरे अपराध दोन, जिंकणे आणि गोऱ्या स्त्रियांशी उघड संसार करणे. तो देश सोडून पळाला, १९१५ साली हवानात सव्विसाव्या फेरीत विलर्डकडून हरला, १९२०मध्ये परत येऊन तुरुंगात गेला. माफी मिळाली २०१८ साली, मरणानंतर बहात्तर वर्षांनी. अलीने २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये लष्करभरती नाकारली, किताब गेला, साडेतीन वर्षे गेली. पण त्याच्याकडे वकील होते, अपिले होती, त्याला व्याख्यानाला बोलावणारी महाविद्यालये होती, आणि जून १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची शिक्षा रद्द केली. जॉन्सनवर बेतलेले ‘द ग्रेट व्हाइट होप’ हे नाटक १९६८ साली ब्रॉडवेवर आले, तेव्हा अलीला त्यात स्वतःचीच गोष्ट दिसली. गोष्ट तीच होती. न्यायालये मात्र ती नव्हती.

तेव्हा १९१०चा अली मला जगज्जेता दिसत नाही आणि पराभूतही दिसत नाही. तो दिसतो लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅक्व्हे, हॅरी विल्स यांच्या पंगतीत. ही माणसे एकमेकांशीच पुन्हापुन्हा लढत राहिली. जेनेट आणि मॅक्व्हे १७ एप्रिल १९०९ रोजी पॅरिसमध्ये एकोणपन्नास फेऱ्या लढले. लँगफर्ड आणि विल्स पंधराहून अधिक वेळा समोरासमोर आले. विलर्डने काळ्यांशी लढणार नाही असे जाहीर केले, डेम्प्सी आणि विल्सची लढत कधी झाली नाही, आणि जॉन्सननंतरचा काळा हेवीवेट जगज्जेता यायला १९३७ साल आणि जो लुईस उजाडावा लागला. तोवर लँगफर्डची दृष्टी गेली होती. १९४४ साली अल लॅनी या न्यूयॉर्कच्या पत्रकाराने त्याला शोधून काढले, तेव्हा तो हार्लेममधल्या एका खोलीत, आंधळा, एकटा, जवळ पैसे नाहीत, अशा स्थितीत राहत होता. लेख छापून आल्यावर लोकांनी त्याच्यासाठी निधी जमवला.