आजोबांचा मुतखडा, नातवाचा मुतखडा: लेझर तोच, मग फरक कुठे पडतो?

समजा, चेंबूरमधल्या एका घरात दोघांना मुतखडा आहे. आजोबा ७२ वर्षांचे, नातू २४ चा. दोघांचाही खडा १२ मिलिमीटरचा. नातवाच्या ऑपरेशनची तारीख लगेच ठरते. आजोबांचं नाव निघालं की मात्र घरात सगळे म्हणतात, "या वयात ऑपरेशन कशाला?" हे कितपत बरोबर आहे?

खडा काढतात कसा?

- शॉकवेव्ह: शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडतात. सुरुवात १९८० मध्ये जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झाली.
- आरआयआरएस: लघवीच्या मार्गातून बारीक, वाकणारी दुर्बीण किडनीपर्यंत नेतात आणि लेझरने खड्याची भुकटी करतात. नव्या दुर्बिणींच्या टोकाला तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात असतो त्याच जातीचा सीमॉस सेन्सर असतो.
- पीसीएनएल: पाठीतून छोटं छिद्र पाडून खडा काढतात. साधारण २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यासाठी.

वयाने काय बदलतं?

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये खडा साफ होण्याचं प्रमाण ज्येष्ठ आणि तरुणांत बरंचसं सारखं असतं. कारण सोपं आहे: लेझरला वय कळत नाही. खडा किती मोठा, किती कडक आणि कुठे अडकलाय, यावर यश ठरतं.

फरक पडतो तो शरीरामुळे. ज्येष्ठांना मधुमेह, बीपी, हृदयाचे त्रास जास्त असतात. त्यामुळे जंतुसंसर्ग, रक्तस्राव असे त्रास आणि हॉस्पिटलमधले दिवस थोडे वाढू शकतात. म्हणजे आधी जन्मतारीख नाही, रिपोर्ट बघायचे.

मग फोन उघडा आणि हे करा

१. आजोबांच्या सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा. स्वतःहून बंद करू नका.

२. ऑपरेशनआधी लघवीची कल्चर टेस्ट झाली का, विचारा. संसर्ग असेल तर आधी त्यावर उपचार होतात.

३. ऑपरेशननंतर आत डीजे स्टेंट ही नळी ठेवली असेल, तर ती काढायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, अलार्मसह. नळी महिनोन् महिने आत राहिली तर तिच्यावरच खडे जमतात.

नातू सुटला का?

नाही. काळजी घेतली नाही तर सुमारे निम्म्या रुग्णांना दहा वर्षांत पुन्हा खडा होतो, आणि नातवापुढे तर अख्खं आयुष्य आहे. मुंबईच्या घामट हवेत पाणी कमी पडतंच. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं. रिमाइंडर लावा.

आणि खड्याच्या दुखण्यासोबत थंडी-ताप आला, तर वय कोणतंही असो, थांबू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. चेंबूरकरांना पालिकेचं सायन हॉस्पिटल जवळच आहे.